घर आणि बिऱ्हाड

गेल्या दिवाळींत आमच्या माहीमच्या घरीं जो विषय निघाला तो केवळ आमच्यापुरताच असता, तर तो वाचकांपुढें मांडण्याचें कारण नव्हतें. परंतु आमच्या परिचयाच्या दोन-तीन कुटुंबांतही तोच प्रश्न निरनिराळ्या रूपानें उभा असल्याचें आम्हांस कळलें, आणि ज्या घरांत तो अद्याप निघाला नाहीं तेथेंही लवकरच निघेल असा रंग दिसतो. म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें योजिलें आहे.

माहीम म्हणजे मुंबईचें माहीम नव्हे. पालघर स्टेशनापासून पश्चिमेस सुमारें दोन कोसांवर, समुद्राकांठीं वसलेलें, विड्याच्या पानांचें व नारळी-पोफळींचें केळवें-माहीम. आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा मुंबईंतील एका कंपनींत संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचें काम करतो. दरसाल तो आगगाडीनें पालघरला उतरून रिक्षानें घरीं येतो. यंदा मात्र एक उंच पांढरी मोटार वाडीच्या कडेला येऊन उभी राहिली, आणि तिच्यांतून तो, त्याची पत्नी व चार वर्षांची कन्या अशीं तिघें उतरलीं. मागचें दार उघडतांच घरांतील मुलें आंत घुसलीं. आंत पाहावें तों बिछाना, स्वयंपाकाचा ओटा, लहानसें कपाट, घडी घालून भिंतीस लावतां येणारें टेबल, एवढेंच नव्हे तर एका कोपऱ्यांत न्हाणीसुद्धां! मालमोटारीच्या सांगाड्यावर हें सर्व कारागिराकडून बांधून घेतलेलें होतें.

ही सहलीची सोय असती तर सर्वांनीं कौतुक करून विषय सोडला असता. परंतु लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीं, फराळाच्या वेळीं, पुतण्यानें आपला खरा बेत सांगितला. अंधेरीस त्यांची भाड्याची दोन खोल्यांची जागा आहे. तिचा करार फाल्गुनांत संपतो. तो पुन्हां न करतां या मोटारींतच कायमचें राहावयाचें, आज महाबळेश्वर तर पुढील महिन्यांत गोकर्ण असें हिंडावयाचें, आणि नोकरी न सोडतां ती इंटरनेटवरून चालवावयाची, असा तो बेत होता. २०२० सालच्या टाळेबंदींत घरीं बसून काम करण्याची जी रीत पडली ती त्याच्या कंपनीनें पुष्कळ अंशीं चालूं ठेवली असून महिन्यांतून चार दिवस कचेरींत हजेरी लावली म्हणजे भागतें. माहीमच्या घराकडे त्याचें मागणें एवढेंच होतें कीं, सरकारी कागदांवर घालण्यास येथील पत्ता मिळावा.

यावर घरांत एकमत होणें शक्यच नव्हतें. थोरले बंधु म्हणाले, "ज्यांना घर नाहीं ते गाडींत राहतात. तुला घर असतांना हें सुचावें कसें?" धाकटा वर्ग अर्थातच पुतण्याच्या बाजूचा. आमच्या मातोश्री, ज्यांना आतां अठ्ठ्याऐंशींवें वर्ष चालूं आहे, त्यांनीं विचारलें, "अरे, पण गाडींत देव कोठें ठेवणार?" वहिनी, म्हणजे त्याची आई, कांहींच बोलल्या नाहींत. शेवटीं बंधूंनीं आमच्याकडे वळून म्हटलें, "तूं दरमहा लोकांना संसाराच्या गोष्टी सांगत असतोस, आतां घरांतल्या पोराला सांग." म्हणून महिनाभर चौकशी करून, गाडी आंतून-बाहेरून पाहून आणि दोन्ही पक्षांशीं बोलून आम्हीं जें ठरविलें तें येथें देत आहों.

प्रथम एका शब्दाकडे लक्ष वेधावयाचें आहे. आपल्या भाषेंत 'घर' आणि 'बिऱ्हाड' हे दोन शब्द आहेत आणि त्यांचे अर्थ एक नव्हेत. मुंबईस नोकरीसाठीं गेलेल्या मनुष्यास "तुमचें घर कोणतें?" असें विचारलें असतां तो राजापूर, गुहागर किंवा माहीम असें गांवाचें नांव सांगे; "बिऱ्हाड कोठें?" असें विचारलें म्हणजे गिरगांवांतील चाळीचें नांव सांगे. बिऱ्हाड करावयाचें असतें, मोडावयाचें असतें, हलवावयाचें असतें. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर असें आपण म्हणतों; विंचवाचें घर पाठीवर असें म्हणत नाहीं. पुतण्याच्या बेतांतील अर्धा घोटाळा या दोन शब्दांच्या सरमिसळीनें झाला होता. तो मोटारीस 'चालतें घर' म्हणत होता, आणि बंधूंना वाटत होतें कीं मुलानें घर सोडलें. वास्तविक तो अंधेरीचें एक बिऱ्हाड मोडून दुसरें करीत होता. फरक इतकाच कीं दुसऱ्या बिऱ्हाडाला चाकें होतीं.

बिऱ्हाडाच्या बाबतींत आपला वर्ग कांहीं नवखा नाहीं. आमचे वडील पोस्टखात्यांत होते. तेहेतीस वर्षांच्या नोकरींत मातोश्रींनीं अकरा बिऱ्हाडें केलीं. त्या आजही तीं बोटांवर मोजून दाखवितात आणि प्रत्येक ठिकाणचें पाणी गोड कीं मचूळ तें सांगतात. पांच ट्रंका, तीन वळकट्या, एक पाळणा व देवांची पेटी एवढ्यांत सगळा संसार मावत असे. त्याहून मागें गेलें तर काय दिसतें? राजवाड्यांनीं १९२४ सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरींत बिंबराजाबरोबर उत्तर कोंकणांत आलेल्या कुळांची हकीकत आहे. ज्या कुळांना आज आपण येथील मूळचीं म्हणतों तीं कधीं काळीं सामान बांधूनच येथें आलीं. तेव्हां हलण्यांत कमीपणा आहे असें म्हणण्याचा अधिकार आपणांपैकीं कोणासच नाहीं.

चाकांवर किंवा पाण्यावर राहून नित्याची नोकरी करणारीं माणसें आजही आपल्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांच्याकडे आपलें लक्ष मात्र जात नाहीं. पश्चिम रेल्वेनें जातां-येतां एखाद्या स्टेशनाच्या बाजूच्या रुळावर पिवळीं अवजड यंत्रें व त्यांच्या शेजारीं एक जुना डबा उभा असलेला वाचकांनीं पाहिला असेल. रूळ व खडी नीट करणाऱ्या त्या यंत्रांवरचे कामगार त्या डब्यांतच राहतात, तेथेंच रांधतात, आणि यंत्र पुढें गेलें म्हणजे तेंही बिऱ्हाड पुढें जातें. मुंबईच्या इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन या संस्थेनें रेल्वेच्या साह्यानें १६ जुलै १९९१ रोजीं 'जीवनरेखा एक्सप्रेस' नांवाची रुग्णालयाची आगगाडी सुरू केली. ती एकेका गांवीं कांहीं आठवडे थांबते. डोळ्यांच्या, कानांच्या, फाटलेल्या ओठांच्या शस्त्रक्रिया डब्यांतच होतात, आणि तिचे नित्याचे सेवक गाडींतच राहतात. आमच्या शेजारच्या सातपाटीचे कोळी पापलेटाच्या हंगामांत कित्येक दिवस होडीवरच काढतात. आणि बोईसरच्या बाजूस तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत गेल्यास माल भरण्याची वाट पाहात उभ्या असलेल्या टँकरांची व मालमोटारींची रांग दिसते. त्यांतील प्रत्येक चालकाच्या बैठकीमागची फळी हाच त्याचा बिछाना असतो.

या सर्वांची स्थिति मात्र सारखी नाहीं, आणि तिकडे आम्हीं पुतण्याचें लक्ष मुद्दाम वेधलें. रुग्णालयाच्या गाडीमागें एक संस्था व सगळें रेल्वेखातें उभें आहे. होडी परत येते ती आपल्या बंदरांत, आपल्या माणसांत. रेल्वेच्या कामगारास पगार, रजा व दवाखाना आहे. मालमोटारीच्या चालकामागें यांपैकीं फार थोडें आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमानें दिवसास आठ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. परंतु जो मनुष्य कामाच्याच जागीं निजतो त्याचे कामाचे तास कोठें संपले हें कोणी ठरवावयाचें? १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींत चालकाचा कक्ष वातानुकूलित असला पाहिजे असा नियम झाला, ही चांगली गोष्ट आहे. तरीही तो चालक आपल्या बिऱ्हाडास 'मोकळें जीवन' म्हणणार नाहीं. सारांश, बिऱ्हाड चाकांवर आहे कीं जमिनीवर यानें सुखदुःख ठरत नाहीं. त्याच्या पाठीमागें उभें कोण आहे यानें तें ठरतें.

आतां प्रत्यक्ष गाडीचा हिशेब पाहूं. कारण कोणत्याही बिऱ्हाडाची परीक्षा पाणी, उजेड आणि न्हाणी यांवरूनच होते. गाडींतील पाण्याची टांकी दीडशें लिटरांची आहे. तिघांच्या आंघोळीस पंधरा-पंधरा लिटर धरले तर पंचेचाळीस, पिण्यास व रांधण्यास पंधरा, भांड्यांस पंधरा, म्हणजे दिवसास पाऊणशें लिटर झाले. धुणें यांत धरलेलेंच नाहीं. अर्थात दर दोन दिवसांनीं कोणाच्या तरी नळाशीं किंवा विहिरीशीं जाणें आलें. छपरावर चारशें वॅटचे सूर्यपट आहेत. स्वच्छ उन्हांत त्यांपासून दिवसास दीड ते दोन युनिट वीज मिळते. कामाचा संगणक नऊ तास चालला तर अर्धें युनिट, दोन लहान पंखे बारा तास चालले तर पाऊण युनिट, लहान शीतपेटीस अर्धें युनिट, आणि दिवे, फोन वगैरेस जें लागेल तें, अशी कशीबशी तोंडमिळवणी होते. थंड हवेचें यंत्र लावावें म्हटलें तर तें रात्रींच्या आठ तासांत सात-आठ युनिट खाईल. तें छपराच्या विजेवर होणें नाहीं. म्हणजे वैशाखांत आमच्या किनाऱ्यावर, जेथें वारा पडला कीं जीव कासावीस होतो, त्या पत्र्याच्या पेटींत निजणें अशक्य आहे. तेव्हां उन्हाळ्यांत डोंगरावर चढावें हाच उपाय.

भाडें वाचेल हें म्हणणेंही अर्धेंच खरें आहे. भाडें वाचतें हें कबूल. परंतु गाडीचा हप्ता, विमा, इंधन, दुरुस्ती व मुक्कामाच्या जागेचें शुल्क त्या जागीं येऊन बसतात. शिवाय घराची किंमत काळाबरोबर बहुधा वाढते आणि गाडीची खात्रीनें उतरते. त्यांतून समुद्राच्या खाऱ्या हवेंत पत्र्यास गंज चढण्यास वेळ लागत नाहीं. हा हिशेब आम्हीं पुतण्याकडूनच कागदावर मांडून घेतला. शिल्लक उरली, पण त्यानें दिवाळींत सांगितली होती तिच्या चतुर्थांशाहूनही कमी.

न्हाणीजवळ एक पेटीवजा मलपात्र आहे. दोन-तीन दिवसांनीं तें काढून नेऊन एखाद्या शौचालयांत रितें करावें व धुवावें लागतें. ओट्यापासून तें तीन हातांवर आहे हें पाहून मातोश्रींनीं कपाळास हात लावला. सोंवळ्या-ओंवळ्याचा प्रश्न आम्ही येथें काढीत नाहीं. परंतु हें काम पुतण्या स्वतःच्या हातानें, कसलाही संकोच न बाळगतां करतो, हें पाहून आम्हांस समाधान वाटलें. आपल्या घरांतून हें काम पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांवर टाकलें गेलें. तें आपल्या मुलांनीं आपल्या हातीं घ्यावें, हें त्या गाडीनें त्यास दिलेलें उत्तम शिक्षण होय.

नोकरीचा भाग आम्हांस वाटला होता त्याहून कडक निघाला. सकाळीं दहापासून सायंकाळीं सातपर्यंत त्यास पडद्यासमोर बसावें लागतें, आणि ज्या गांवीं फोनला रेंज नाहीं त्या गांवीं सोमवारीं सकाळीं असणें म्हणजे नोकरीवर पाणी सोडणेंच होय. म्हणून त्यानें नियम केला आहे कीं, गाडी हलवावयाची ती शनिवारीं. रविवारीं पाणी भरणें, धुणें व रेंजची परीक्षा. सोमवार ते शुक्रवार गाडी जागची हलवावयाची नाहीं. हा नियम आम्हांस पटला. लोक समजतात कीं असा मनुष्य रोज नव्या सूर्यास्ताकडे पाहात बसतो. प्रत्यक्षांत तो आठवड्याचे पांच दिवस अंधेरींत दिसत होता तोच पडदा पाहात असतो, आणि खिडकींतून दिसणारें झाड तेवढें निराळें असतें. एवढ्या निराळ्या झाडासाठीं हा खटाटोप करावा कीं काय, हें ज्याचें त्यानें ठरवावें. सूनबाई मात्र म्हणाल्या, "काका, अंधेरीस खिडकींतून झाडच दिसत नव्हतें." यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

पत्त्याच्या मागणीकडे येण्यापूर्वीं कायदा पाहणें जरूर आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याप्रमाणें वाहनाचा नोंदलेला प्रकार मनास येईल तसा बदलतां येत नाहीं. मालमोटारीची निवासी मोटार करावयाची तर परिवहन कार्यालयाची परवानगी हवी, नाहीं तर विमाही फुकट जाण्याचा संभव. पुतण्यानें ती रीतसर घेतली आहे. तसेंच एका राज्यांत नोंदलेलें वाहन दुसऱ्या राज्यांत बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथें नव्यानें नोंदणी करावी लागते. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. परंतु नांवाप्रमाणेंच तें पर्यटकांसाठीं आहे, गाडींत संसार करणाऱ्यांसाठीं नव्हे. मतदारयादीविषयीं १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमांतील विसावें कलम मोठें मार्मिक आहे. एखाद्या ठिकाणीं केवळ घराची मालकी आहे म्हणून मनुष्य तेथील 'सामान्य रहिवासी' ठरत नाहीं. आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा रहिवास सुटतही नाहीं. म्हणजे भिंतींवर नांव असून चालत नाहीं. माणसाचें जाणें-येणें तेथें असावें लागतें. कायद्याची ही भाषा आम्हांस कुटुंबाच्या भाषेहून निराळी वाटली नाहीं.

हा पेंच इतर देशांतही पडतोच. इंग्लंडांत घरभाडीं भयंकर वाढल्यामुळें पुष्कळ नोकरदार माणसें कालव्यांतील अरुंद नौकांत राहतात. १९९५ च्या तेथील जलमार्गविषयक कायद्याप्रमाणें ज्या नौकेस स्वतःची ठरलेली जागा नाहीं तिनें एका ठिकाणीं सामान्यतः चौदा दिवसांहून अधिक राहूं नये. नोकरी एका गांवीं, मुलांची शाळा त्याच गांवीं, आणि नौका मात्र दर पंधरवड्यास हलली पाहिजे, अशी त्या कुटुंबांची ओढाताण होते.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. दिवाळीपूर्वीं हीं तिघें एका गांवाबाहेर गाडींत निजलीं असतां मध्यरात्रीं हवालदारानें दार वाजविलें. पुतण्यानें ओळखपत्र दाखविलें, कंपनीचें नांव सांगितलें. हवालदार "साहेब, सांभाळून राहा" म्हणून निघून गेला. गाडीलोहार पिढ्यानपिढ्या बैलगाडींतच संसार करतात, खेडोपाडीं कोयते-कुदळी घडवून देतात. त्यांचा तळ गांवाबाहेर पडला तर त्यांना "साहेब" म्हणून कोणी निरोप देतो काय? १८७१ च्या कायद्यानें आणि पुढें १९११ च्या कायद्यानें कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविलें होतें. ठावठिकाणा नसणें हाच त्यांचा मोठा अपराध. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, तरी त्याच्या पोटांतील संशय अद्याप गेलेला नाहीं. आमच्या पालघर जिल्ह्यांतील वारली व कातकरी कुटुंबें पावसाळा संपला कीं पोराबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात आणि वळवाच्या सुमारास परततात; त्यांच्या मुलांची शाळा दरसाल मध्येंच तुटते. त्यांच्या बिऱ्हाडाकडे पाहून आपण 'काय ही दशा' म्हणतों आणि आपल्या मुलाच्या बिऱ्हाडाकडे पाहून 'काय ही हौस' म्हणतों. दोहोंमधला भेद चाकांचा नाहीं. परत येण्याच्या जागेचा आणि आडनांवाचा आहे. हें ज्यास कळलें त्यानें निदान वाटेंत भेटणाऱ्या तळावरील माणसांशीं तरी बरोबरीच्या नात्यानें बोलावें, एवढें आम्हीं पुतण्यास सांगितलें.

शाळेचा उल्लेख आलाच आहे. नात चार वर्षांची आहे. दोन वर्षांनीं तिला पहिलींत घालावयाचें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शाळेचा हक्क दिला आहे आणि एका शाळेंतून दुसरींत जाण्याचाही दिला आहे. परंतु दर महिन्यास शाळा बदलण्याचा हक्क कोणतेंही मूल मागणार नाहीं. मुलास पुस्तकें गाडींत देतां येतील. रोज तीच भांडणारी व तीच खेळणारी मैत्रीण गाडींत देतां येणार नाहीं. म्हणून हें बिऱ्हाड दोन वर्षांचें समजावें, पुढचा विचार नातीच्या शाळेकडे पाहून करावा, असें आमचें मत पडलें. सूनबाईंनाही तेंच वाटत होतें असें दिसलें. त्यांनीं तें बोलून दाखविलें नव्हतें इतकेंच.

आतां पत्ता. आम्ही वहिनींकडे हा विषय काढला तेव्हां त्या विहिरीवर होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, पत्ता द्यायला कोण नको म्हणतें? पण पत्ता म्हणजे काय? बँकेचें पत्र आलें तर मीं घ्यायचें, सिलिंडर आला तर मीं दार उघडायचें, सासूबाईंना रात्रीं दोनदां उठवायचें तें मींच. पत्ता सगळ्यांचा, आणि पत्त्यावर राहणारी मी एकटी." एवढें बोलून त्यांनीं घागर उचलली.

वाचकहो, महिनाभर आम्ही पाणी, वीज, कायदा यांची चौकशी करीत होतों. खरी गोष्ट विहिरीवर मिळाली. मातोश्रींचीं अकरा बिऱ्हाडें निर्वेध झालीं, कारण माहीमच्या घरीं तेव्हां आमच्या आजी व एक विधवा आत्या होत्या. बाळंतपणें येथें झालीं, आजारपणें येथें निघालीं. ज्यांनीं हें घर धरून ठेवलें त्यांना कोणीं विचारलें नव्हतें कीं तुम्हांलाही कोठें जावेंसें वाटतें काय. तीच चूक आतां वहिनींच्या बाबतींत होत होती, आणि आमच्यापैकीं एकाही पुरुषाच्या तें लक्षांत आलें नव्हतें.

तोड सुचली ती आपल्याच एका जुन्या रीतीवरून. ज्यांनीं घर टाकलें ते संन्यासी, जैन मुनि, बौद्ध भिक्षु हे सारे एरवीं हिंडत. परंतु पावसाळ्यांत एका जागीं राहात. फिरस्त्यांनाही ज्या ऋतूंत छप्पर लागलें त्या ऋतूंत गाडीस तें लागणारच. किनाऱ्यावरील पावसांत सूर्यपट निकामी, चाकें चिखलांत, आणि कपड्यांना बुरशी. म्हणून आम्हीं सुचविलें कीं, आषाढापासून कार्तिकी एकादशीपर्यंत या तिघांनीं माहीमच्या घरींच राहावें. पुतण्यानें माडीवर बसून काम करावें. कचेरीच्या दिवशीं पालघरहून डहाणूची लोकल धरावी. २०१३ पासून ही सोय झाली असून चर्चगेटपर्यंत दोन-सव्वादोन तास लागले तरी महिन्यांतून चार दिवस तें जड नाहीं. त्या चार महिन्यांत आजीकडे रात्रीं उठण्याची पाळी त्याची. टपाल, बिलें, वाडींतील मजुरांचा हिशेब त्याचा. आणि त्यांतील एक महिना बंधु व वहिनी यांनीं जेथें जावेंसें वाटेल तेथें जावें, हवी तर हीच गाडी घेऊन. उरलेल्या आठ महिन्यांतही रात्रींच्या शुश्रूषेस एक बाई ठेवावी, आणि तिचा पगार त्या वाचलेल्या भाड्यांतून द्यावा.

पुतण्यानें सर्व ऐकून घेतलें. शिल्लक आणखी घटली हें त्याच्या मुद्रेवर दिसलें; परंतु तो नाहीं म्हणाला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यानेंच कागदावर महिने लिहून स्वयंपाकघरांत लावले. बंधूंचें समाधान पुरतें झालें आहे असें म्हणवत नाहीं. "बघूं" एवढेंच ते म्हणतात. गाडी चैत्रांत निघावयाची आहे. पहिला चातुर्मास पार पडल्यावर हा करार कितपत पाळला गेला तें वाचकांस सांगण्याचें आम्ही कबूल करतों, मग तें आमच्या घरास भूषणावह असो वा नसो.

ज्या कुटुंबांत असा बेत निघाला असेल त्यांना आमचें सांगणें इतकेंच कीं, मुलांना अडवूं नका आणि नुसता आशीर्वाद देऊन मोकळेही होऊं नका. तीं गेल्यावर घर कोण सांभाळणार याचें नांव घ्या, आणि त्या व्यक्तीस सर्वांसमोर विचारा. देवांचा प्रश्न मातोश्रींनीं स्वतःच सोडविला. "देव इथेंच राहूं देत," त्या म्हणाल्या; "गाडींत तसबीर पुरे. सणाला येशील तेव्हां पूजा तूं कर, म्हणजे तुझ्या आईला तेवढीच विश्रांति."